बाबागाडीची जागा

२ जानेवारी, सकाळी १०.२०
उंब्रज. संदीपच्या गाडीची डिकी मोजत होतो. गाण्यांसाठी बारा इंची वूफर बसवून हवाय, त्याला पोर्टवाला, म्हणजे हवेला भोक ठेवलेला मोठा बॉक्स, छप्पन्न लिटर. डिकी भरून जाईल. त्याची बायको रूपाली वहिनी पायरीवर उभ्या. सातवा महिना.
"भावजी, मग बाबागाडी कुठं ठिवायची? ह्यांच्या डोक्यावर?"
संदीप हसला. "कर रं बारका. बाप झाल्यावर कुठं ढोल बडवायचाय."

५ जाने.
बंद बॉक्स, अठ्ठावीस लिटर. वूफरच्या मॅग्नेटची जागा वजा केली, दोनदा तपासली. डाव्या चाकाच्या फुगवट्याला लागून तिरका बसतो. आवाज कमी, पण घट्ट.
मोजायला बाबागाडी नाही. संदीपची आई जन्माआधी काही आणू देत नाही, साधी कुंचीसुद्धा नाही. इस्लामपूरला दुकानातल्या बाबागाडीला टेप लावून आलो. दुकानदार म्हणाला,
"पाव्हणं, पोरगा का पोरगी?"
"डिकी," म्हटले.
घडी घातलेल्या बाबागाडीच्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके केले. चाकेही काढली पेनने, उगाच. डिकीत बरोबर बसले. काकींनी, म्हणजे संदीपच्या आईने, डिकीत डोकावून बघितले. मग म्हणाल्या, "पुठ्ठ्याची हाय म्हणून काय झालं?"

१९ जाने.
कराड, दवाखाना. मुलगा होता. रडलाच नाही.
वहिनी ठीक आहेत. संदीप बाकावर, हातात गाडीची किल्ली. डॉक्टरांनी कारण सांगितले, मला समजलेही. तरी पुठ्ठा डिकीत आहे हे तिथेच आठवले. आणलेली वस्तू नव्हे ती, मापासाठी केलेली. पण चाके काढायची काय गरज होती.

६ फेब्रु.
संदीप गाडी ठेवून गेला.
"मोठाच कर बॉक्स. जागा हाय की आता."
मी म्हटले, एमडीएफची शीट बारक्या मापात कापून झाली. खोटे.
"मग दुसरी आण." माझ्याकडे न बघता.

७ फेब्रु.
छप्पन्न लिटरचे गणित. तीनदा चुकलो. डिकी उघडली. पुठ्ठा तसाच, कोणी हलवलेला नाही.
दुपारी वहिनींचा फोन. पहिल्यांदाच.
"भावजी, ती पुठ्ठ्याची काढली का?"
"नाही."
मग, "ऱ्हाऊ द्या. बॉक्स बारकाच करा. ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून."

८ फेब्रु.
संदीप रविवारी येणार. शीट भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्यावर दोन्ही मापांच्या रेघा मारल्या आहेत. करवत लावलेली नाही.
खर्च: एमडीएफ १,९००, गोंद-स्क्रू २६०, कार्पेट ४५०. एकूण २,६१०. संदीपने दिले १,०००. येणे १,६१०.
पुठ्ठा हिशेबात धरलेला नाही.