बंडूजींच्या भिंतीवरचा तक्ता

नाचणगाव,
रविवार

ती. पौर्णिमाताईस,
धाकट्या रत्नदीपचा सप्रेम जय भीम.

तुम्ही सगळी खुशाल असाल. भाऊजींची कंबर आता कशी आहे? प्रेरणाला मामानं विचारलंय म्हणून सांग. इकडे तुझ्या भावजयीची, मोनालीची तब्येत उत्तम आहे, आवाजावरून तरी तसं वाटतं. माझंही बरं आहे, फक्त उजव्या डोळ्यावर उपचार झाले. फोनवर सांगितलं असतं तर तू पुढचं ऐकण्याआधीच रडली असतीस, म्हणून हे पत्र.

सुरुवात वच्छलाबाईंच्या डेअरीच्या पाटीपासून झाली. अक्षर काढलं की त्याच्याखाली फिकट सावली दिसे. मला वाटलं, रंग ओघळतोय. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसायला गेलो की सावली राहायची आणि अक्षर जायचं. (दहा वर्षांत माझा रंग कधी ओघळला नाही, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) दुपारपर्यंत नुसता पत्रा उरला. वच्छलाबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "रंग नाई ओघळून राह्यला रे, तुया डोयात गडबड हाय. दवाखान्यात जाजो."

मला ते पटेना. दोन वर्षांत चारदा मी पुलगावला बंडूजी चष्मेवाल्यांकडे डोळे तपासले होते आणि दर वेळी तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली होती. बंडूजी तर बाकीच्या गिऱ्हाइकांना माझं उदाहरण देत. धूसर दिसतं ते टर्पेंटाइनच्या वासानं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं, आणि मी डोळे चोळत राहिलो. शेवटी मोनाली मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं अंधाऱ्या खोलीत समोर पाटी पेटली आणि मी सवयीनं सुरू झालो: न, ग, र, ट. डॉक्टरबाईंनी मला दोन ओळी म्हणू दिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "रत्नदीपजी, यावर आकडे आहेत." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बंडूजींच्या भिंतीवरचा तक्ता तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मीच रंगवला होता. (प्रेरणा तेव्हा इथंच होती.)

आजाराचं नाव केराटोकोनस. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होत जातो आणि टोकासारखा पुढे येतो, म्हणून नंबर सारखा बदलतो. डोळे चोळले की आजार वाढतो. तो लहान वयातच सुरू होतो आणि एका घरात दोघांनाही असू शकतो. माझ्या डोळ्यात अर्धा तास जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घातले, मग निळसर किरण सोडले. तीन दिवस डोळ्यात तिखट गेल्यासारखं झालं. आता आजार बहुधा आहे तिथं थांबेल, पण गेलेली नजर त्यानं परत येत नाही. त्यासाठी कडक लेन्स लावायची. फारच उशीर झाला तर नेत्रदानातला दुसऱ्याचा पडदा बसवावा लागतो. मी घाबरलो होतो, ताई. पाट्या रंगवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. सध्या मोनालीचा माझ्या हातांवर पहारा आहे, नाक खाजवायचं तरी विचारावं लागतं.

सगळ्यांना जय भीम.

तुझा,
रत्नदीप

ता. क. : वच्छलाबाईंची पाटी मोनालीनं पूर्ण केली. माझ्यापेक्षा बरी झाली म्हणतात. मला तरी फरक दिसला नाही.

ता. क. २ : एवढं लिहिलं ते यासाठी. मे महिन्यात प्रेरणा सारखी डोळे चोळत होती. तू तिला बंडूजींना दाखवलंस, तिनं सगळा तक्ता वाचला आणि तू निर्धास्त झालीस. त्या तक्त्याच्या खालच्या बारीक ओळी तिनंच रंगवल्या होत्या. काल फोनवर मी तिला सहज विचारलं, शेवटची ओळ काय गं? तिनं तिकडे तळेगावात तुमच्या घरी बसून एका दमात सांगितली. पुढच्या बुधवारी तिला वर्ध्याला घेऊन ये. मी स्टँडवर थांबतो. गाडीची पाटी मला वाचता येणार नाही, तूच हाक मार.