नर्सबाईंचं व्याख्यान

ती. आईला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आमच्या युद्ध-संग्रहालयात उन्हाळी व्याख्यानं सुरू झालीत. माणसं मुलाबाळांसकट येतात. काल युद्धात जखमींची सेवा केलेल्या, नव्वदीच्या एक नर्सबाई बोलल्या. एका चिमुरडीनं विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटायची की! म्हणून तर हात कामात ठेवायला सारख्या पट्ट्या गुंडाळत बसायचे."

केवढी खरी बाई गं! नंतर मी त्यांना सांगितलं, माझा दादा सीमेवर आहे. त्यांनी माझा हात धरला. "पत्रं पाठव. आमच्या वॉर्डात ज्याला घरचं पत्र यायचं, तो आधी उठून बसायचा."

म्हणून आधी दादाला चार पानं लिहिली, मग तुला. रागावू नकोस. त्याची काही खुशाली कळली का?

तुझीच,
धाकटी