मामाजी घसरले, पण उशिरा

नेर,
शनिवार दुपार

सौ. विमलताईस धाकट्या वैष्णवीचा नमस्कार. महागावला सगळं ठीक ना? घनश्यामभाऊजींची कंबर कशी आहे? धडधाकट असू दे, मी रोज देवाला सांगते.

मी घरून काम करते हे पुण्याच्या साहेबांना मुळीच आवडत नाही. सध्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीचं काम आहे. रुईच्या गाठी घसरत खाली येतील असा लोखंडी उतार करायचा. आधी तो संगणकात उभा करून पाहायचा. घर्षण किती, ते मात्र आपणच भरायचं. मी तो रकाना रिकामा सोडला, तर गाठ सुटली ती पडद्याबाहेरच गेली (सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं शोधाची?"). मग 'पक्की पकड' निवडली, तर उतार सरळ उभा केला तरी गाठ पालीसारखी चिकटून! साहेबांनी कळवलं, सोमवारपर्यंत खरा आकडा दे, नाहीतर पुण्याला येऊन बस. ताई, मला नाही गं जायचं. या घरात माझा जीव रमलाय (आणि चहा आयता मिळतो).

म्हटलं, खरोखरच घसरवून पाहू. अंगणात पत्रा, त्यावर रुईची गादी, एका टोकाखाली ट्रॅक्टरचा जॅक. गादीवर वजन काय ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघत होते, तर मामाजी (माझे सासरे) पेपर घेऊन तिथेच येऊन बसले. म्हणाले, "मी बसून राह्यलो न, तू कायले भेऊन राह्यली?" आता सासऱ्यांना 'उठा' म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे का? मी पदर सावरला आणि जॅक फिरवला. पत्रा चढला, मामाजी ढिम्म. आणखी चढला, त्यांनी पान उलटलं. आणि एकदम निघाले! मी घाईघाईने जॅक उतरवला, तरी थांबेनात, ते थेट सासूबाईंच्या वाळत घातलेल्या मुगवड्यांत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बसलेल्याला हलवायला जोर जास्त लागतो, हललेला थोडक्या जोरावरही चालत राहतो. म्हणजे घर्षणाचे आकडे दोन! दोन्ही भरले, आणि पडद्यावर गाठ हुबेहूब मामाजींसारखी उतरली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सासूबाई बोलत नाहीत, मामाजी पालथे झोपलेत.

तुझी फार आठवण येते. उद्या दोघंही याच.

तुझी,
वैष्णवी

ता. क. साहेब म्हणतात, एका चाचणीवर भागत नाही, परत करून दाखव. मामाजी गादीकडे बघायलाही तयार नाहीत. भाऊजींचं वजन साधारण तेवढंच ना? (तुझा फोन ते स्पीकरवर ऐकतात, म्हणून हे पत्र महागावच्या एसटीच्या बाबूसिंग ड्रायव्हरच्या हाती.)

आणखी एक. भाऊजींना फक्त मुगवड्यांच्या भाजीचं सांग. वड्या चपट्या का, ते विचारू नये म्हणावं. मामाजींनी आत्ताच उशीवरून मान वर करून बजावलंय, "पाव्हणे आले का जॅक मी फिरवतो."