फुलं किती घ्यायची

येकातेरिनबुर्ग, ऑक्टोबर १९९२

लाडक्या लीदाताई,

मी बरी आहे. खोली उबदार आहे, गरम सूपही मिळतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

मारल्या गेलेल्या झारच्या कुटुंबाचे अवशेष इथे ओळखायचे आहेत. मी दात तपासते. एका मुलीचा जबडा हातात घेतला आणि शाळेतल्या नन्सनी शिकवलेली प्रार्थना ओठांवर आली. दोन मुलं तर अजून सापडलेलीच नाहीत.

काल त्या दोघांसाठी फुलं घ्यायला गेले. फुलवालीने विचारलं, "जिवंतांसाठी विषम, की गेलेल्यांसाठी सम?"

"झारची जी दोन मुलं सापडलीच नाहीत, त्यांना?"

"सत्तर वर्षांनी कुठले जिवंत असणार, आजी! समच न्या. इथे माझी बोटं गोठलीत."

सम घेतली. मग बाबा आठवले. चीनमधून, हार्बिनहून सोव्हिएत सैनिकांनी त्यांना नेल्यावर आई त्यांच्या दर वाढदिवसाला विषमच फुलं आणायची. "आधी त्यांची हाडं दाखवा," म्हणायची. आपणही तेच चालू ठेवलं. बाबा आता नव्वदी ओलांडलेले असते गं.

मी बाबांसाठी आणखी एक फूल मागून घेतलं. ते खोलीत पेल्यात ठेवलंय.

यंदा बाबांच्या वाढदिवसाला एकटी फुलं आणू नकोस. मी आले की सम घ्यायची की विषम, ते दोघी मिळून ठरवू.

तुला घट्ट मिठी मारणारी,
तुझी तोन्या