श्वासाची रेघ

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७

आले एकदाची नगरला! राहुरीपासून एसटीत आईची शेंगदाण्याची चटणी मांडीवर सांभाळत आले, तरी तेल ओढणीला लागलंच. पुण्यात टेक्निशियन म्हणून दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली. इथे एमआरआयची खोली माझी एकटीची. मधोमध बोगद्यासारखं पांढरं मशीन, काचेच्या अलीकडे माझी खुर्ची, कॉम्प्युटरचा पडदा आणि माइक. काय रुबाब प्रज्ञाताईंचा, म्हणजे माझा!

आमचे डॉक्टर राधाकृष्ण सर भला माणूस, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांनी एक अभ्यास काढलाय. फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार वेगवेगळे. एकाला औषधंच द्यावी लागतात, दुसरा वेळेत सापडला तर कापून काढता येतो. प्रकार कळायला छातीत लांब सुई घालून तुकडा घेतात. सरांचं म्हणणं, चित्र स्वच्छ मिळालं तर ते बघूनच प्रकार ओळखता येईल आणि सुई टळेल. सर त्याला कॅन्सरची जात म्हणतात. मी आपली प्रकारच म्हणते, जात या शब्दाने आमच्या घराला पुरेसं छळलंय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सगळा खेळ श्वासाचा. पेशंटच्या पोटावर हवेचा पट्टा बांधायचा. श्वास घेतला की पडद्यावरची रेघ वर जाते, सोडला की खाली येते. मी माइकवर सांगते, घ्या, धरा, आणि वीस सेकंदांनी, सोडा. पण धरतंय कोण? दहालाच फसकन सोडतात आणि चित्र पुसट येतं. आज एका गृहस्थांनी ऐन मधे जेवणाची सुट्टी कधी होते ते विचारलं. डोक्याला ताप नुसता. मी चांगलंच झापते. सर म्हणतात, जरा दमानं घ्या.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जामखेडकडच्या लंकाबाई आल्या होत्या, सोबत लेक चांगुणा. साठीची बाई, काडीसारखी. जन्मभर विड्या वळल्या, पण एक बी ओढली न्हाई, हे आल्या आल्या सांगून टाकलं. रोगाचं नाव घरच्यांनी त्यांना सांगितलेलं नाही. फोटो चांगला आला तर सुई टोचणार न्हाईत, एवढंच चांगुणाने सांगितलंय. सुईला फार भितात.

पंधरालाच खोकल्या. दिवसभराची वैतागलेली मी. म्हटलं, आजी, असं केलंत तर सुईच घालावी लागेल! चेहरा एवढासा झाला. उद्या परत बोलावलंय. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, उद्या बगा बाई, तुमी सांगितल्याबिगर मी श्वास सोडायची न्हाई. मला हसूच आलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

मी धरा म्हटलं आणि त्यांनी धरला. रेघ वर गेली आणि तिथेच राहिली, जराही हलली नाही. असं चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं, गाठीची कड न कड दिसत होती. हरखून सरांना बोलवायला धावले. ते फोनवर होते. दारात उभी राहून त्यांना हातवारे करत होते, दोन मिनिटं, कदाचित तीन. सर आले, वा म्हणाले. मग माझी नजर रेघेवर गेली. ती वरच होती.

सोडा म्हणायचं राहिलं होतं.

आत धावलो. डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. सरांनी छाती दाबदाबून पाहिली. काही उपयोग झाला नाही. बाहेर बाकावर चांगुणा आईच्या चपला घेऊन बसली होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सर म्हणतात, माणूस असा मरत नाही, श्वास आपोआप सुटतो, हृदयच बंद पडलं असणार. घरी जा म्हणाले, मी गेले नाही. मग हळूच सांगितलं, चित्रावरून प्रकार कळला. कापून काढता येणारा होता.

मी संडासात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. मीच झापलं होतं त्यांना.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. पट्टा भिंतीवर खुंटीला टांगलेला, आत कुणी नाही. रेघ वर. पट्टा हाताने दाबून पाहिला. फुगलेला, गरम. दुरुस्तीवाल्याला फोन केला. नळी बदला म्हणाला. बदलली.

रेघ वरच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज पेशंट छगन म्हणून एक ड्रायव्हर होते. वीसला मी सोडा म्हटलं. सोडलाच नाही! पुन्हा ओरडले. ओठ निळे पडायला लागले. धावत जाऊन बाहेर ओढलं, पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे सुटला.

म्हणाले, माइकवर तुमचं ऐकू आलं व्हतं. पण आत शेजारी एक म्हातारी हाय, ती म्हनली, बाईंनी अजून सांगितलं न्हाई, धरून ठिवा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुट्टीचा अर्ज पुढे केला. सोमवारी चार पेशंट आहेत. चारही अशक्त. त्यांना कोण ओढून काढणार?

रिकाम्या खोलीत माइकवर म्हणत बसले. आजी, सोडा. चुकले हो मी. सोडा. शंभरदा म्हटलं असेल. रेघ हलली नाही.

माइकचा आवाज त्यांना पोचत नाही—

रविवार, २३ नोव्हेंबर, दुपार

दवाखाना बंद. किल्ली माझ्याकडे आहे. आत जाऊन कानात सांगायचं, दुसरा उपाय नाही. वही छातीवर, मशीनच्या चुंबकामुळे पेन आत नेता येत नाही, साधी पेन्सिल चालते.

पट्टा बांधला. आत आले. अंग चोरून पडलेय, शेजारी जागा नाही, तरी कुणीतरी—विडीच्या पानांचा वास—

धरलाय त्यांनी. अजून धरलाय. बारा दिवस, माझ्या एका शब्दासाठी. माझाही आपसूक धरला गेला, तोंड उघडेना—

कसंबसं म्हटलं. आजी, झालं. छान आला फोटो. सोडा.

सुटला. केवढा लांब—रडल्यासारखा—पोटावरचा पट्टा सैल झाला. गेल्या त्या. सुटल्या.

माझा सुटत नाहीये.

काचेपलीकडे कुणी नाही. आज रविवार. मला कोण सांग