झोप यावी आणि हाकही ऐकू यावी

५ फेब्रुवारी, रविवार

गांजाचा परवाना आला! सात महिन्यांनी. वर माझा फोटो, खाली कारण – आघातानंतरचा मानसिक ताण. आईला दाखवला. तिने चष्मा लावला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सावकाश वाचला. म्हणाली, "गांजा म्हणजे आपल्या रेवदंड्याला देवळामागे गोसावी ओढत बसत, तोच ना?" म्हटलं, तोच. "अगो, मग त्याला डॉक्टर कशाला हवा?"

ही वही नामाने लिहायला सांगितली. दर बुधवारी मी तिच्याकडे जाते, मनाची डॉक्टर. कोणता वाण घेतला, किती घेतला, मग काय झालं – रोज लिहायचं. आणि हिब्रूत नाही. "त्या दिवशी ज्या भाषेत कुणी बोललं नाही, अशी एखादी भाषा आहे का तुझ्याकडे?"

आहे. पाचवीपर्यंतची. अकराव्या वर्षी इस्रायलला, डिमोना गावात आले, तेव्हापासून मराठी फक्त आईशी बोलायला. ऱ्हस्वदीर्घ चुकणार. चुकू दे.

७ फेब्रुवारी, मंगळवार

औषधाच्या दुकानात वादिम म्हणून माणूस आहे. पन्नाशीचा, टक्कल, रशियातून आलेला. काउंटरवर डबे मांडले – मिठाईवाल्यासारखे! प्रत्येक डब्यावर दोन आकडे. पहिला नशेचा, दुसरा शांत करणाऱ्या अंशाचा. शिवाय काही वाण दिवसाचे, काही झोपेचे. मी म्हटलं, तुम्हीच निवडा.

"मी निवडलं तर तुमची झोप मला लागेल, बाई. तुम्हाला काय होतं ते सांगा."

काय सांगू? फोन वाजला की हात गार पडतात. दुकानात लहान मूल रडलं की भाजी टाकून बाहेर येते. रस्त्याच्या प्रत्येक पाटीवरचं नाव मोठ्याने वाचते – दोनदा, गावाच्या नावासकट. झोप तीन तास, तीही वाईट स्वप्नांची. एवढंच सांगितलं. का, ते नाही सांगितलं. त्यानेही विचारलं नाही.

'ओरेन' दिला. दिवसाचा वाण. जाळायचा नाही, यंत्रातून वाफ घ्यायची.

८ फेब्रुवारी

ओरेन. दोन झुरके, दुपारी गच्चीत. छाती धडधडायला लागली, कान इतके तीक्ष्ण की खालच्या मजल्यावरचा मिक्सर माझ्या डोक्यात. पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी फोन वाजला. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले. आई बाहेरून – "एलिशे, गोसावी असे पळत नसत गो!"

ओरेन बाद.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा वाण – 'दवाश', म्हणजे मध. मध कसला, दलदल! पंधरा दिवस घेतला. झोपते, पण उठतच नाही. अकरापर्यंत अंथरुणात. तोंडाला कोरड. काल चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला.

वास जिन्यात जातो. खालची फोर्तुना वर आली. मला वाटलं भांडायला! तर हळूच म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना थोडा देतेस?" देता येत नाही, कायद्याने फक्त माझ्यासाठी. ती चिडली. "म्हणजे वास सगळ्यांना आणि गुण तुला एकटीला!"

७ मार्च, मंगळवार

पुरीमचा सण. पोरं टिकल्या फोडतायत, वेश करून हिंडतायत. फटाक्यांचं मला काही वाटत नाही. मग एक राणीचा मुकुट घातलेली मुलगी जिन्यात आई-आई करत रडायला लागली – चुकली होती बहुतेक. मी उंबऱ्यात उभी. पाय हलेनात. फोर्तुनाने तिला उचलून नेलं.

८ मार्च

नामा म्हणाली, तो दिवस लिही. मराठीत. एकदाच.

लिहिते.

जानेवारी २०२०. मी तेव्हा रुग्णवाहिकेच्या केंद्रात फोन घ्यायची. अठरा वर्षं घेत होते. सकाळी दहा वाजून चार मिनिटं. मुलीचा आवाज. आई स्वयंपाकघरात पडलीय, उठत नाही. नऊ वर्षांची, नाव लिराज. पत्ता? रिमोन गल्ली, चौदा नंबर. मी विचारलं – "डिमोनाच ना?" ती म्हणाली, "हो."

गाडी गेली. रिमोन गल्ली चौदामध्ये एका गंजीफ्रॉकवाल्या म्हाताऱ्याने दार उघडलं. तिथे कुणी पडलं नव्हतं. रिमोन गल्ली शेजारच्या गावी, येरुखामलाही आहे.

एकोणीस मिनिटं मी तिच्याशी बोलत होते. तिला छाती दाबायला शिकवलं. मोजायला लावलं. शेवटी दार वाजलेलं मीच ऐकलं. आई वाचली नाही.

चौकशी समिती म्हणाली, माझी चूक नाही. मेंदूत रक्तस्राव, लगेच पोचूनही वाचली नसती. रेकॉर्डिंग ऐका म्हणाले. मी ऐकलं नाही. मला फक्त माझं वाक्य आठवतं. 'डिमोनाच ना?' असं कुणी विचारतं का? 'कोणतं गाव?' असं विचारायचं. नवीन मुलींना मीच शिकवायचे! नऊ वर्षांच्या लेकराच्या तोंडात मी शब्द घातला.

बाकीची एकोणीस मिनिटं कुठे गेली कोण जाणे. मी तिच्याशी काय बोलले, त्यातला एक शब्द आठवत नाही.

१२ मार्च, रविवार

वादिमकडे. आज त्याला थोडं सांगितलं. तो डबे पुसत राहिला. मग म्हणाला, "माझा भाऊ अफगाणिस्तानातून परत आला तेव्हा आमच्याकडे एकच वाण होता – व्होडका. तुमच्याकडे निवड आहे. घाई करू नका."

'सहार' दिला. सगळ्यात जड. चिमूटभरच, म्हणाला.

१३ मार्च

आठ तास! स्वप्न नाही.

२० मार्च, सोमवार

सहार. सात दिवस, सात रात्री, एकही स्वप्न नाही. फोन वाजतो – वाजू दे. जणू शेजारच्या घरी वाजतोय. बाजारात गेले, पाट्या वाचल्या नाहीत. आई म्हणाली, "चेहऱ्यावर पाणी आलं तुझ्या."

आता सकाळीही थोडा घेते. वादिमला सांगितलेलं नाही.

३० मार्च, गुरुवार

पेसाख जवळ आला, घरात आंबवलेलं काही ठेवायचं नाही असा सण. आईची सफाई सुरू. "तुझा तो पाला पेसाखला चालतो का? खमीर नाही ना त्यात?" मी हसले. हल्ली मी बऱ्याच गोष्टींना हसते.

२ एप्रिल, रविवार

हे लिहायलाच हवं.

सकाळी दहाच्या सुमारास मी गच्चीत होते. सहार घेतलेला. ऊन छान होतं. आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग आईची हाक – "एलिशे!" मला ऐकू आली. स्पष्ट. मनात आलं, आई हाक मारतेय. किती छान, आई आहे आणि हाक मारतेय. मी बसून राहिले. "एलिशे, अगो ये!" मी बसून राहिले. भीती नाही, घाई नाही, काहीच नाही.

फोर्तुना धावत वर आली तेव्हा मला कळलं.

वरचं कपाट पुसायला आई स्टुलावर चढली होती. मनगट मोडलं. जमिनीवर पडून किती वेळ हाका मारत होती, मी विचारलं. सांगेना. फोर्तुनाने सांगितलं – दहा मिनिटं तरी.

दवाखान्यात प्लास्टर घालताना आई माझ्याकडे बघत होती. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी पडल्यापडल्या दारातून तुला बघत होते. तू हसत होतीस पोरी. तीन वर्षांनी. मला वाटलं, जाऊ दे, अजून दोन मिनिटं हसू दे."

३ एप्रिल

सगळे डबे पिशवीत बांधले. परवानाही परत करणार. फोन वाजला की थरथरणारी मी तरी उठत होते!

४ एप्रिल, मंगळवार

आईने पिशवीची गाठ सोडली. प्लास्टरच्या हाताने. म्हणाली, चल, मला त्या रशियनाकडे ने. नाही म्हटलं. तर एकटीच चप्पल घालायला लागली, एका हाताने, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! गेले मागोमाग.

वादिमपुढे उभी राहून तिच्या मोडक्या हिब्रूत म्हणाली, "हिला असं काहीतरी द्या की झोप यावी आणि आईची हाकही ऐकू यावी."

वादिम माझ्याकडे बघत राहिला. "सकाळीही घेत होतात?" मी मान हलवली. "मला वाटलंच होतं. विचारायला हवं होतं मी." नामाला तिथूनच फोन लावला, तिच्याशी बोलला. मग दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, दोन्ही आकडे सारखे असलेला वाण – फक्त झोपताना. दुसरी, तेलाची बाटली, नशा जवळजवळ नाहीच, जिभेखाली दोन थेंब – दिवसासाठी.

"स्वप्नं परत येतील," म्हणाला. "सगळी नाही, पण येतील. चालेल?"

आईच म्हणाली, चालेल. मग माझ्याकडे वळली – "चालेल ना गो?"

५ एप्रिल

सेदर, पेसाखच्या पहिल्या रात्रीचं जेवण. आई एका हाताने भात वाढत होती. फोर्तुनाही आली. ती मोरोक्कोची, आमच्या आमटीला नाक मुरडते आणि दोनदा घेते.

काल रात्री स्वप्न पडलं. एकदाच जाग आली. परत झोपले.

१८ एप्रिल, मंगळवार

नवीन वाण – पाच तास, कधी सहा. तेल – दोन थेंब. फोन वाजला की हात गार पडतात, पण मी खोलीतच असते. आज तिसऱ्या घंटेला उचलला. विमावाला होता. त्याच्याशी इतकी गोड बोलले की तो गडबडला!

३ मे, बुधवार

नामाने एक पत्र समोर ठेवलं. केंद्रातल्या समाजसेविकेमार्फत आलेलं. लिराजच्या मावशीचं. लिराज आता बारा वर्षांची, मावशीकडेच असते, येरुखामला. पुढच्या महिन्यात तिची बात-मित्स्वा, मुलींची मुंजच म्हणायची. त्याआधी तिला 'फोनवरच्या बाईं'ना भेटायचंय. काहीतरी सांगायचंय. जबरदस्ती नाही, असंही लिहिलंय.

घरी येऊन पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

काय सांगणार ती? मला माहीत आहे काय सांगणार.

४ मे

सहारचा डबा अजून कपाटात आहे. थोडा घेऊन भेटायला गेले तर काहीच लागणार नाही मला. तिने तोंडावर काहीही म्हटलं तरी.

आईला विचारलं. ती एका हाताने कोथिंबीर निवडत होती. "तिला काय ऐकवायचंय ते तुला ऐकू यायला हवं की नको?"

डबा वादिमला परत दिला.

२१ मे, रविवार

जाऊन आले.

तेलाचे दोन थेंब, बस. येरुखामची बस पंधरा मिनिटांत पोचते. एवढंच अंतर. उतरल्यावर पाटी वाचली, गावासकट.

लिराज तलावाकाठी बाकावर बसली होती. उंच झालीय – म्हणजे मला काय माहीत आधी केवढी होती! दातांना तारा. मावशी लांब झाडाखाली थांबली. मग तिने कागद काढला, लिहून आणलं होतं. दोन ओळी वाचल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी चुरगळला आणि भडाभडा बोलली.

"तुम्ही डिमोनाच ना विचारलंत आणि मी हो म्हणाले. आम्ही आठवड्यापूर्वीच तिथून इथे आलो होतो. दोन्हीकडे रिमोन गल्लीच. मला माहीत होतं. तरी तोंडातून हो गेलं. मावशीलाही नाही सांगितलं मी. आईला मी मारलं."

तीन वर्षं! नऊ वर्षांच्या पोरीने तीन वर्षं!

मी म्हटलं, अगं, नाही, मी चुकीचं विचारलं, ते वाक्यच चुकीचं होतं. ती म्हणाली, नाही, मी चुकीचं सांगितलं. आम्ही भांडायलाच लागलो. खरंच – आवाज चढवून! मावशी धावत आली. तिला वाटलं, काय झालं. मग मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, लगेच पोचूनही आई वाचली नसती. तिने विचारलं, "तुम्हाला हे पटतं?" म्हटलं, माझ्याबाबतीत अजून नाही. तुझ्याबाबतीत मात्र अगदी पटतं. ती विचार करून म्हणाली, "माझंही तसंच."

ती रडली. मी उठून गेले नाही. पाय हलले, पण तिच्याकडे.

२२ मे

एक लिहायचं राहिलं.

बस आली तेव्हा तिने विचारलं, "फोनवर तुम्ही सारखं 'बाय' म्हणत होतात. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ठेवणार. पण तुम्ही ठेवतच नव्हतात. ते काय होतं?"

मला काही आठवत नाही. पण आमच्याशिवाय कोण म्हणेल असं? म्हणजे मराठी होती त्या फोनवर. एकोणीस मिनिटं होती!

सांगितलं तिला – निरोपाचं नव्हतं ते. आमच्या कोकणात लाडक्या लेकीला बाय म्हणतात.

मी बसमध्ये चढले, तरी ती दार धरून खाली उभीच राहिली. ड्रायव्हर ओरडत होता.

"मग परत एकदा म्हणा."