न फुटणारी एक्केचाळिसावी बॅच

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
औषध संशोधन संस्था.

विषय : इंजेक्शनसाठी तयार केलेल्या नॅनोइमल्शनच्या बाटलीस ती तेल की पाणी हे न ठरवता नोंद क्रमांक मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व त्या चारही अर्जांवरील आपला शेरा, "भांडारपालांना भेटा."

महोदय,

१. मी प्रयोगशाळा क्रमांक तीनमध्ये संशोधन सहायक आहे. कांद्याच्या टरफलांत एक उपयुक्त अँटिऑक्सिडंट असते. ते पाण्यात विरघळत नाही, आणि तेल तसेच्या तसे शिरेत टोचता येत नाही. म्हणून ते तेलात मिसळून त्या तेलाचे थेंब पाण्यात पसरवावे लागतात. केसाच्या जाडीत सात-आठशे ओळीने मावतील इतके बारीक. यालाच नॅनोइमल्शन म्हणतात. दोन वर्षांत चाळीस बॅच फुटल्या, म्हणजे तेल वर आले, पाणी खाली गेले आणि मी तोंड पाडून घरी गेले. एक्केचाळिसावी टिकली.

२. उंदरांवरील चाचणीसाठी भांडाराचा नोंद क्रमांक लागतो, म्हणून मी बाटली भांडारपालांकडे नेली. (ते आपले साडू आहेत, याचा या अर्जाशी काहीही संबंध नाही.) त्यांच्याकडे दोनच वह्या आहेत : तेलकट द्रव आणि पाणीदार द्रव. बाटलीत दोन्ही आहे असे सांगताच ते म्हणाले, "मग वेगळं करून आणा, दोन्हीकडे नोंदवतो." ते वेगळे होऊ नये म्हणूनच माझी दोन वर्षे खर्ची पडली, हे मी विनयपूर्वक निदर्शनास आणले. त्यावर, तेल आणि पाणी कधी गुण्यागोविंदाने नांदलंय का, असे विचारून त्यांनी बाटली ठेवून घेतली. चार दिवसांत आपोआप फुटेल, असा त्यांचा अंदाज होता.

३. ती फुटली नाही. ही बाब त्यांनी मनाला लावून घेतली. त्यांनी बाटली आधी खिडकीत उन्हात ठेवली, नंतर चहाच्या किटलीला टेकवून. मग आठवडाभर ती स्कूटरच्या डिकीतून घर ते कार्यालय हिंडली. रविवारी आपल्या मेहुणीबाईंनी ती कपडे धुण्याच्या चालू यंत्रावर ठेवून वर हात दाबून धरला. या सर्वांच्या तारीख-वेळेसह नोंदी भांडारपालांनी तेलकट वहीच्या मागच्या पानांवर सुवाच्य अक्षरात ठेवल्या आहेत.

४. दरम्यान उंदीर वाढत आहेत. चाचणीच्या दिवशी त्यांचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आत हवे. आज सकाळी अठरांतला सर्वांत लठ्ठ दोनशे चव्वेचाळीस भरला. त्यांना कमी खायला घालण्याची परवानगी नाही. माझे जेवण मात्र निम्म्यावर आले आहे.

५. एकोणिसाव्या दिवशी भांडारपाल स्वतः बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हरलो मी, पोरी. हे काही फुटत नाही." आमच्या प्रयोगशाळाप्रमुख मॅडमनी थेंब मोजले. पहिल्या दिवशी सरासरी एकशे बारा नॅनोमीटर होते, आता एकशे पंधरा, म्हणजे जवळपास तेवढेच. मग त्यांनी भांडारपालांना स्वतःच्या हातचा चहा दिला. इतकी कठोर परीक्षा आमच्यापैकी कोणाला सुचली नसती, हे मी लेखी कबूल करते.

६. तथापि, बाटली आत आल्याचीच नोंद नसल्याने ती बाहेर देता येत नाही, असे सांगून ते ती घेऊन परत गेले.

तरी विनंती की, सोमवारच्या चाचणीपूर्वी "दोन्ही" या नावाची तिसरी वही उघडावी, बाटली आम्हास द्यावी आणि भांडारपालांना तीन महिन्यांसाठी प्रयोगशाळेत पाठवावे. ते तयार आहेत. त्यांची एकच अट आहे : बेचाळिसावी बॅच आम्ही शीतकपाटात सर्व नियम पाळून, हात न लावता ठेवली होती, तरी ती सहाव्या दिवशी का फुटली, हे त्यांना समजावून सांगावे.

ते आम्हालाही कळलेले नाही. म्हणूनच भांडारपाल हवे आहेत.

आपल्या पाचव्या शेऱ्याच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
संशोधन सहायक, प्रयोगशाळा क्रमांक तीन
दिनांक : १४ मार्च

सोबत : भांडारपालांच्या नोंदींची प्रत, उंदरांच्या वजनांचा तक्ता. बाटली जोडलेली नाही. ती भांडारात आहे, परंतु कागदोपत्री कुठेच नाही.